रांगेतला एकही जॉब न गमावता स्लर्म अपग्रेड कसं करायचं

क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा संच, बहुतेकांच्या हाती असंच येतं. आधी सांभाळणारे सर दुसरीकडे रुजू होतात, जाताना रूटचा पासवर्ड आणि चार ओळींची एक फाइल देऊन जातात. दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, "आपलं स्लर्म कुठल्या आवृत्तीचं आहे?" तुम्ही बघता, तर २०.११. हा लेख तिथून पुढचा आहे.

क्लस्टरवर लोकांनी दिलेली कामं, म्हणजे जॉब, रांगेत लावून त्यातल्या संगणकांवर, म्हणजे नोडवर, वाटून देणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्लर्म. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत झाली, पुढे स्केडएमडी या कंपनीने ते वाढवलं. आपल्याकडे राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधल्या वाराणसीच्या परम शिवायवर किंवा पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मवर जॉब लावायचा, तर तोही स्लर्मच्याच रांगेत लागतो. त्यामुळे विभागातल्या दहा नोडच्या क्लस्टरवर तुम्ही जे शिकाल, ते मोठ्या यंत्रणेवरही तसंच लागू पडतं. खाली कमांड आणि डेमनची, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणाऱ्या प्रोग्रामची, नावं आपण तोंडाने उच्चारतो तशी लिहिली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण नवीन माणसाला तिच्यावर विश्वास बसत नाही: जॉब चालू असताना स्लर्मची मोठी आवृत्ती बदलता येते. सात दिवसांच्या सिम्युलेशनचा सहावा दिवस चालू असलेल्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला "उद्या सगळं बंद" असं सांगण्याची गरज नाही. चालू जॉबची प्रत्येक पायरी नोडवर स्लर्मस्टेपडी नावाची वेगळी प्रक्रिया सांभाळत असते. स्लर्मडी, म्हणजे नोडवरचा स्लर्मचा डेमन, बंद करून नवा चढवला तरी ती जुनी प्रक्रिया तशीच चालू राहते आणि नवा स्लर्मडी तिच्याशी जुन्या भाषेत बोलतो. अट दोनच गोष्टींची. दोन आवृत्त्यांमधलं अंतर मर्यादेत हवं, आणि क्रम पाळला पाहिजे.

आवृत्त्यांचं गणित

स्लर्मच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २३.११ म्हणजे नोव्हेंबर २०२३. त्यापुढचा तिसरा आकडा, समजा २३.११.४ मधला ४, हा फक्त दुरुस्त्यांचा. तिसराच आकडा बदलत असेल तर काम सोपं आहे: डेटाबेसची रचना बदलत नाही, आणि गरज पडली तर मागेही येता येतं. पहिले दोन आकडे बदलत असतील, तर मात्र हा सगळा लेख तुमच्यासाठी आहे.

मोठ्या आवृत्त्यांचा क्रम असा: २०.११, २१.०८, २२.०५, २३.०२, २३.११, २४.०५, २४.११, २५.०५. आधी साधारण नऊ महिन्यांनी नवी आवृत्ती यायची, २४.०५ पासून दर सहा महिन्यांनी येते. २४.०५ पर्यंतच्या प्रत्येक आवृत्तीला तिच्या मागच्या दोन मोठ्या आवृत्त्या समजतात. २४.११ पासून मागच्या तीन समजतात. म्हणजे २०.११ वरून थेट २५.०५ वर उडी मारता येत नाही. टप्पे घ्यावे लागतात: २०.११ वरून २२.०५, तिथून २३.११, आणि मग २५.०५. कागदावर हे लिहून काढा. प्रत्येक टप्प्यावर डेटाबेस (जॉबच्या हिशेबाचा), कंट्रोलर (रांग चालवणारा मुख्य डेमन) आणि नोड असं सगळं त्या आवृत्तीवर यायला हवं, तेव्हाच पुढची उडी.

मर्यादा ओलांडून उडी मारली, तर कंट्रोलर सुरू होताना अडतो आणि जॉबची साठवलेली स्थिती वाचता येत नाही असं सांगतो. त्याच संदेशात तो एक वाटही दाखवतो: छोट्या आयच्या पर्यायाने सुरू करा, म्हणजे ही चूक दुर्लक्षित होईल. ती वाट घेऊ नका. त्या पर्यायाने कंट्रोलर उठतो खरा, पण रांग रिकामी झालेली असते. रात्री दोन वाजता घाईत हे सहज होऊन जातं, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" हे तुम्हाला नक्की ऐकवलं जाईल. उत्तर सुरक्षिततेचं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्लर्ममधल्या अशा त्रुटी जाहीर झाल्या की त्यांच्या आधारे साध्या वापरकर्त्याला दुसऱ्याच्या फाइलची मालकी मिळवता आली असती. दुरुस्त्या तेव्हा सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांसाठीच निघाल्या. २०.११ वाल्यांच्या वाट्याला काही आलं नाही.

क्रम

आधी स्लर्मडीबीडी (डेटाबेस सांभाळणारा डेमन), मग स्लर्मसीटीएलडी (म्हणजेच कंट्रोलर), मग नोडवरचे स्लर्मडी, आणि शेवटी लोक जिथून जॉब लावतात त्या लॉगिन नोडवरच्या एस-बॅच, एस-रन, एस-क्यू या कमांड. वरच्या पायरीवरचा नेहमी खालच्याइतका किंवा त्याहून नवा असला पाहिजे. नव्याला जुन्याचं बोलणं कळतं, जुन्याला नव्याचं कळत नाही. सगळा क्रम या एका वाक्यातून निघतो.

हा क्रम तुमच्या नकळत मोडू शकतो. रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्ससाठी असलेल्या एपेल या पॅकेजच्या रिपॉझिटरीत २०२१ पासून स्लर्मची पॅकेज आहेत. कोणी एका नोडवर पॅकेज अद्ययावत करायला सहज डीएनएफ अपडेट चालवलं की त्या नोडवरचा स्लर्मडी एपेलमधल्या आवृत्तीवर जातो, कंट्रोलर जुनाच राहतो, आणि नोड गप्प होतो. माझ्याकडे एक नोड असा अर्धा दिवस पडून होता. मी नेटवर्कची केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला, आणि शेवटी लॉगमध्ये आवृत्ती जुळत नसल्याची ओळ दिसली. तेव्हा अपग्रेडचा विचार नसला तरी आजच सगळ्या नोडवर एपेलच्या रिपो फाइलमध्ये एक्सक्लूडची ओळ घाला आणि तिथे स्लर्म, पुढे तारा असं लिहा.

पॅकेज बांधणं

स्लर्मच्या स्रोताचा टारबॉल (एकत्र बांधलेली संग्रह-फाइल) उतरवून त्यातून आरपीएमबिल्डने आरपीएम, म्हणजे बसवायची पॅकेज, बांधता येतात. डेबियन आणि उबंटूसाठी २३.११ पासून तशीच सोय आहे. बांधायच्या मशीनवर कुठली डेव्हल पॅकेज (एखादी लायब्ररी वापरून कम्पाइल करायला लागणाऱ्या फाइलींची) आहेत, यावर सगळं अवलंबून असतं. स्लर्म एखादी लायब्ररी सापडली नाही म्हणून सहसा अडत नाही, त्या लायब्ररीवर चालणारा प्लगइन, म्हणजे जोड-भाग, वगळून पुढे जातो. लुआचं डेव्हल पॅकेज नसेल तर जॉब-सबमिटचा लुआ प्लगइन बनत नाही, आणि तुमच्या कॉन्फिगमध्ये तो लिहिलेला असेल तर कंट्रोलर उठतच नाही. मारियाडीबीचं (हिशेब साठतो त्या डेटाबेसचं) डेव्हल नसेल तर डेटाबेसचा प्लगइन नाही. डी-बसचं नसेल तर सी-ग्रुप (जॉबना मेमरी आणि सीपीयूची मर्यादा घालणारी लिनक्सची सोय) आवृत्ती दोनचा प्लगइन नाही. मंज, एचडब्ल्यूलॉक, पीएमआयएक्स या लायब्ररींचंही तसंच. म्हणून बांधून झालं की नव्या पॅकेजमधल्या प्लगइनच्या फाइलींची यादी काढा आणि जुन्या पॅकेजच्या यादीशेजारी ठेवून ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

स्पँक प्लगइन (स्लर्ममध्ये स्वतःच्या सोयी जोडणारे) वापरत असाल तर ते नव्या आवृत्तीसाठी पुन्हा कम्पाइल करावे लागतात. ओपन एमपीआय (अनेक नोडवरच्या प्रक्रियांना एकमेकींशी बोलू देणारी लायब्ररी) किंवा दुसरं काही थेट स्लर्मच्या लायब्ररीला जोडून बांधलेलं असेल, तर तेही.

मग रिलीझ नोट्स वाचा. वाटेत येणाऱ्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या वाचा, नुसत्या शेवटच्या नाही. दोन उदाहरणं देतो. २३.११ मध्ये सिलेक्ट-टाइपचा, म्हणजे जॉबला कुठली साधनं द्यायची ते ठरवणारा, कॉन्स-रेस हा जुना प्लगइन काढून टाकला गेला. कॉन्फिगमध्ये तो असेल तर कॉन्स-ट्रेस करायला हवं, नाहीतर कंट्रोलर सुरू होणार नाही. हे किमान लगेच दिसतं. दुसरं उदाहरण जास्त त्रासाचं आहे. २२.०५ पासून एस-बॅचमध्ये मागितलेली सीपीयूज-पर-टास्कची संख्या त्याच स्क्रिप्टमधल्या एस-रनला आपोआप मिळेनाशी झाली. आमच्याकडे आठ थ्रेडचा एक जॉब त्यानंतर एकाच कोअरवर धावत राहिला. एरर नाही, लॉगमध्ये काही नाही, नोड निरोगी. चार दिवसांनी तो मुलगा येऊन म्हणाला, "सर, माझं गणित अचानक हळू झालंय, माझंच काही चुकलंय का?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नोट्समधला तो परिच्छेद वाचून वापरकर्त्यांना दोन ओळी कळवल्या असत्या, तर त्याचे चार दिवस वाचले असते. उपाय सोपा होता: एस-रनलाही ती संख्या वेगळी द्यायची, किंवा स्क्रिप्टमध्ये एस-रनसाठीचा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल ठेवायचा.

डेटाबेसची रंगीत तालीम

अपग्रेडमध्ये सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त धोका इथे आहे. नवा स्लर्मडीबीडी पहिल्यांदा उठतो तेव्हा हिशेबाच्या सगळ्या टेबलांची रचना बदलतो. काही वर्षांचे लाखो जॉब साठले असतील तर याला मिनिटं लागतील की तास, हे डेटा आणि डिस्क बघूनच ठरतं. म्हणून आधी तालीम.

चालू डेटाबेसचा मायएसक्यूएलडंप, म्हणजे फाइलमधली पूर्ण प्रत, घ्या, सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय लावून, म्हणजे डंप होत असताना टेबलं अडत नाहीत. तो दुसऱ्या एखाद्या मशीनवर, जुना डेस्कटॉपही चालेल, मारियाडीबीत उतरवा. तिथे नवा स्लर्मडीबीडी बसवून त्या प्रतीवर चालवा आणि घड्याळ लावा. डिस्क वेगळी असल्याने वेळ तंतोतंत जुळणार नाही, पण वीस मिनिटं आणि पाच तास यांतला फरक तुम्हाला आधी कळेल.

इथे एक जागा जपायची आहे. तालमीच्या मशीनवर स्लर्मडीबीडीची कॉन्फिग फाइल जशीच्या तशी कॉपी केली, तर तिच्यातला स्टोरेज-होस्ट अजून खऱ्या डेटाबेसकडेच बोट दाखवत असतो. तालीम म्हणून सुरू केलेलं काम मग खऱ्या टेबलांवर होतं. फाइल कॉपी केल्याबरोबर पहिली ती ओळ बदला, आणि शक्य असेल तर त्या मशीनवरून खऱ्या डेटाबेसपर्यंतचं नेटवर्कच अडवून ठेवा.

मारियाडीबीचीही थोडी मशागत लागते. इनो-डीबीचा (मारियाडीबीच्या साठवण-इंजिनाचा) बफर पूल निदान ४ जीबी, लॉक-वेट-टाइमआउट ९०० सेकंद. मूळ सेटिंग खूप लहान असतात, आणि त्यांच्यावर रूपांतर रेंगाळतं किंवा मध्येच तुटतं.

ठरलेल्या दिवशी

वापरकर्त्यांना आठवडाभर आधी मेल जाऊ द्या. माझा मेल साधारण असा असतो: "येत्या शनिवारी सकाळी दहा ते दोन या वेळेत क्लस्टरचं रांग-व्यवस्थापन नव्या आवृत्तीवर नेत आहोत. चालू जॉब चालू राहतील. रांगेतले जॉब रांगेत राहतील. या वेळेत नवा जॉब लावता येणार नाही, एस-क्यूला उत्तर मिळणार नाही, त्यामुळे घाबरू नये आणि स्क्रिप्ट वारंवार चालवू नये. महत्त्वाच्या जॉबना चेकपॉइंट असेल तर चालू ठेवावा." शेवटचं वाक्य भीती घालायला नाही. जे शक्यतेच्या कोटीत आहे ते लोकांना आधी माहीत असावं, एवढंच.

पहिली पायरी टाइमआउट वाढवण्याची. कॉन्फिगमध्ये स्लर्मडी-टाइमआउट मुळात ३०० सेकंद असतो. एखाद्या नोडच्या स्लर्मडीने एवढा वेळ उत्तर दिलं नाही, तर कंट्रोलर त्याला डाउन ठरवतो आणि त्यावरचे जॉब मारतो. अपग्रेडमध्ये तुम्ही स्लर्मडी स्वतःच बंद करणार आहात. म्हणून हा आकडा ३६०० करा, स्लर्मसीटीएलडी-टाइमआउटही तसाच वाढवा, एस-कंट्रोल रीकॉन्फिगर चालवा, आणि एस-कंट्रोल शो कॉन्फिगमध्ये नवा आकडा खरंच दिसतोय का ते डोळ्यांनी बघा. चालू जॉब वाचवणारी पायरी हीच आहे.

मग पार्टिशन, म्हणजे जॉब ज्यांत लागतात ते नोडचे गट, डाउन करा. याने चालू जॉबना धक्का लागत नाही, रांगेतले फक्त थांबून राहतात.

आता स्लर्मडीबीडी थांबवा आणि थांबवल्यानंतर ताजा डंप घ्या. तालमीच्या वेळचा डंप इथे चालणार नाही, मधल्या दिवसांचा हिशेब त्यात नाही. डंपची फाइल शेवटपर्यंत पूर्ण आहे ना, तेही बघा: शेवटच्या ओळीत डंप पूर्ण झाल्याची नोंद असते. स्लर्मडीबीडी बंद असताना कंट्रोलर हिशेबाच्या नोंदी स्वतःकडे साठवत राहतो. किती साठल्या ते एस-डायगमध्ये डीबीडी एजंट क्यूच्या ओळीत दिसतं. या साठ्याला कमाल मर्यादा असते, म्हणून तालमीत रूपांतराला तास लागले असतील तर ती आधीच वाढवून ठेवा.

नवी पॅकेज बसवली, की स्लर्मडीबीडी सिस्टमडी या डेमन चालू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या यंत्रणेमार्फत सुरू करू नका. स्लर्म या यूझरने, मोठ्या डीचा आणि तीन व्हींचा पर्याय देऊन, टर्मिनलमध्ये समोर चालवा, आणि तेही टीमक्सच्या आत, म्हणजे तुमचं इंटरनेट गेलं तरी काम चालू राहील. मी पहिल्या वेळी सिस्टमसीटीएल स्टार्ट म्हणून चहा आणायला गेलो होतो. सिस्टमडीला ठरलेल्या वेळेत "सुरू झालं" असं उत्तर मिळालं नाही, त्याने रूपांतराच्या मध्यावर प्रक्रिया मारली, पुन्हा सुरू केली, पुन्हा मारली. मी परत आलो तेव्हा काही टेबलं नव्या रचनेत होती, काही जुन्या. डंप होता म्हणून तो उतरवून पहिल्यापासून सुरुवात केली. नसता, तर विभागाचा तीन वर्षांचा हिशेब आणि त्यावर चालणारी सगळ्यांची फेअरशेअर (आधीच्या वापरावरून ठरणारी) प्राथमिकता गेली असती.

समोर चालवलं की एकेक टेबल बदलताना दिसतं आणि शेवटी कन्व्हर्जन यशस्वी झाल्याची ओळ येते. ती दिसल्यावर कंट्रोल-सीने थांबवा आणि आता नेहमीसारखं सिस्टमडीने सुरू करा.

मग कंट्रोलर. दुसरा बॅकअप कंट्रोलर असेल तर तो आधी थांबवा, नाहीतर मुख्य कंट्रोलर गेला असं समजून तो जुन्या आवृत्तीतच सूत्रं हातात घेईल. मुख्य कंट्रोलर थांबवा, आणि स्टेट-सेव्ह-लोकेशनमधली सगळी डिरेक्टरी कॉपी करून ठेवा. रांगेतला प्रत्येक जॉब त्या डिरेक्टरीत आहे. कंट्रोलर थांबल्यावरच कॉपी घ्यायची, चालू असताना घेतलेली प्रत अर्धवट निघू शकते. नवी पॅकेज बसवा, कंट्रोलर सुरू करा, आणि लगेच एस-क्यूमधले जॉब मोजा. आदल्या मिनिटाला एस-क्यूचं आउटपुट फाइलमध्ये साठवून ठेवलेलं असेल तर ताडता येतं.

छोट्या क्लस्टरवर कंट्रोलर आणि डेटाबेस दोन्ही एकाच मशीनवर असतात. तिथे मूळ स्लर्म पॅकेज दोघांना सामाईक असल्याने एकाला मागे ठेवून दुसऱ्याला पुढे नेता येत नाही. दोन्ही थांबवा, डंप आणि स्टेटची प्रत घ्या, पॅकेज बसवा, मग स्लर्मडीबीडी समोर चालवून पूर्ण होऊ द्या, आणि त्यानंतर कंट्रोलर.

नोड

हा भाग शांत आहे. पाच-पाच, दहा-दहा नोडचे गट करा. स्लर्मडी थांबवा, पॅकेज बदला, सुरू करा, एस-इन्फोमध्ये नोड परत आलेले दिसले की पुढचा गट. वाढवलेल्या टाइमआउटच्या आत प्रत्येक गट उरकला पाहिजे, एवढंच भान ठेवा. नोड डिस्कलेस असतील, म्हणजे इमेजवरून बूट होत असतील, तर इमेजही बदला. ती राहिली तर नोड पुढच्या रीबूटला जुना स्लर्मडी घेऊन उठतो, आणि अंतर मर्यादेत असल्याने निमूट काम करतो. मग पुढच्या अपग्रेडला तोच एक नोड का जोडला जात नाही, हे शोधत बसावं लागतं. एस-इन्फोला टक्का-व्हीचा फॉरमॅट दिला की चालू स्लर्मडीची आवृत्ती दिसते. सगळीकडे एकच आकडा दिसेपर्यंत अपग्रेड झालं असं म्हणू नका.

लॉगिन नोड सगळ्यात शेवटी.

परत फिरायची वेळ आली तर

मोठ्या आवृत्तीवरून मागे येण्याची अधिकृत वाट नाही. नव्याने लिहिलेल्या स्टेट फाइल जुना कंट्रोलर वाचू शकत नाही, आणि बदललेली टेबलं आपोआप जुन्या रचनेत येत नाहीत. मागे यायचं म्हणजे डंप आणि स्टेटची प्रत दोन्ही उतरवायच्या, आणि त्यानंतर लागलेले किंवा संपलेले जॉब सोडून द्यायचे. म्हणून मागे फिरायचं की नाही हे पार्टिशन उघडण्याआधी ठरवा. एकदा लोकांनी नवे जॉब लावले की मागे येण्याची किंमत तासागणिक वाढते.

पार्टिशन उघडण्याआधी

तपासणी स्वतःच्या साध्या यूझरने करा, रूटने नाही. प्रत्येक पार्टिशनमध्ये एक छोटा जॉब. त्यासाठी ते पार्टिशन क्षणभर उघडावं लागतं, तेवढा वेळ रांगेतले जॉब होल्डवर ठेवा. दोन नोडवरचा एक एमपीआय जॉब. जीपीयू असेल तर जीपीयू मागणारा एक जॉब, आणि त्यात एनव्हीडिया-एसएमआय चालवून जेवढे मागितले तेवढेच दिसतात का ते बघा. एक जॉब मुद्दाम मेमरीची मर्यादा ओलांडणारा. तो मारला गेला पाहिजे, नाहीतर सी-ग्रुपचं काहीतरी बिघडलंय. मग एस-अ‍ॅक्टमध्ये या जॉबच्या नोंदी आल्या का, आणि सॅक्ट-मॅनेजरच्या रनअवे जॉबच्या यादीत, म्हणजे प्रत्यक्षात संपलेल्या पण हिशेबात चालू दिसणाऱ्या जॉबमध्ये, काही अडकलंय का. एस-इन्फोला मोठ्या आरचा पर्याय देऊन कुठला नोड का बाजूला पडलाय तेही पाहा.

सगळं जुळलं की पार्टिशन अप करा, होल्ड काढा, लोकांना मेल टाका. डंप आणि जुनी पॅकेज महिनाभर जागेवर राहू द्या. आणि त्याच दिवशी स्लर्मडी-टाइमआउट ३६०० वरून परत ३०० वर आणा, रीकॉन्फिगर करा. ही ओळ हमखास विसरली जाते. मग एखादा नोड खरोखर मेला, तरी कंट्रोलर तासभर त्याची वाट बघत राहतो, आणि त्यावरच्या जॉबचं काय झालं हे विचारणारा विद्यार्थी तुमच्या टेबलाशी उभा असतो.